दिवेलागणीचं विरजण

देवयानीने बिअरचा कॅन सिंकच्या काठावर आपटला आणि वळवून पुन्हा वाचला. हॅट घातलेला एक म्हातारा, आणि त्याखाली मजकूर: ‘ग्रांट घराण्याचं यीस्ट. १९३१ साली आजोबांनी निवडुंगावरून टिपलेलं.’

“मावशी, हा म्हातारा ॲरिझोनात कधी आलाच नाही. ओहायोत टायर विकायचा. नातवानेच सांगितलंय मला.”

सुलभामावशीने कणकेचा हात न लावता मान वाकडी करून कॅन पाहिला.

“दिसायला बरा आहे.”

“चेष्टा नको करूस. माझं डोकं फिरलंय.”

फिरणार नाही तर काय! सात वर्षांपूर्वी, ॲरिझोनातल्या टूसॉनच्या भर ऑगस्टात, मागच्या अंगणातल्या फड्या निवडुंगाची बोंडं तिने हात काट्यांनी भरून घेत काढली होती. लहानपणी आटपाडीच्या माळावर हीच बोंडं खाऊन जीभ लाल केलेली, म्हणून तर ती नजरेत भरली. त्यांच्या सालीवरचं यीस्ट वाढवायचं, बिघडलं की फेकायचं, पुन्हा वाढवायचं, असं करत वर्षभराने एक बरणी साधली. ती बरणी घेऊन देवयानी त्या म्हाताऱ्याच्या नातवाच्या, डिलन ग्रांटच्या ब्रूअरीत कामाला लागली, आणि त्या बिअरने ग्रांटला मेडल मिळवून दिलं. ब्रूअरीच्या टाकीतलं यीस्ट आठ-दहा खेपांत भरकटायचं, चव बदलायची. मग घरच्या फ्रिजमधून ती नवं न्यायची. आता एक बडी कंपनी ब्रूअरी विकत घेत होती. त्यांना दुसऱ्या कुणाकडेच नसलेल्या यीस्टची ती बरणी हवी होती, आणि हे यीस्ट ग्रांटचंच आहे अशी देवयानीची सही. आयत्या बिळावर नागोबा, आणि तोही हॅट घालून.

बेल वाजली. डोंगरामागे सूर्य नुकताच गेला होता, मावशीने देवापुढे दिवा लावला होता. दारात ग्रांट, एका हातात कूलर, दुसऱ्यात फाइल.

“बरणी देतेस ना? कंपनीच्या लॅबचा माणूस सकाळी दहाला येतोय. आणि इथे एक सही. फक्त फॉर्मॅलिटी.”

“कॅनवर माझं नाव कुठे आहे?”

“लोकांना स्टोरी लागते, देव्ही. आपण फॅमिली आहोत ना?”

या ‘फॅमिली’ने तर तिच्या अंगाची लाही लाही झाली. पण नोकरी होती, घराचे हप्ते होते. तिने मुकाट्याने फ्रिज उघडला. मावशीने पिठाच्या हाताने दार परत लोटलं.

“दिवेलागणीला विरजण घराबाहेर जात नाही. सांग त्याला.”

“हे विरजण नाही, मावशी.”

“तीस वर्षं डेअरीच्या लॅबमध्ये काढलीत मी. मला नको शिकवूस. उद्या उजेडी ये म्हणावं.”

देवयानीने सांगितलं. ग्रांटला वाटलं, काहीतरी धार्मिक असणार. फार अदबीने हात जोडून तो गेला.

मावशी पुन्हा पोळ्यांकडे वळली. “तुमच्यात कुणाचं यीस्ट मेलं तर काय करता?”

“दुसऱ्या ब्रूअरीतून आणतो. कुणी नाही म्हणत नाही. मीसुद्धा आणलंय.”

“आणि हे कुणाकुणाला दिलंस?”

देवयानीने फ्रिजच्या दारावरचं पीठ पुसलं. “कुणालाच नाही. ग्रांट नको म्हणायचा.”

“मग चूक तुझीही आहे. विरजण एकाच घरात ठेवलं, की एका मांजराने काम तमाम होतं.” मावशीने तवा उतरवला. “लाव फोन सगळ्यांना.”

सकाळी सातपासून गाड्या येऊ लागल्या. गावातले नऊ ब्रूअर आले. चमचाभर यीस्ट प्रत्येकाला पुरे होतं. यीस्ट ज्याच्याकडून आणलं त्याचं नाव बाटलीवर लिहायचं, हा त्यांचा रिवाज. कुणी न सांगता त्यांनी चिकटपट्टीवर लिहिलं: देवयानी. मरिसोल नावाची बाई ब्रूअर तिच्या आईने केलेले मक्याच्या पिठाचे तमाले घेऊन आली. रिकाम्या हाताने कसं मागायचं, म्हणाली. मावशीला ती फार आवडली.

नऊ वाजता ग्रांट आला तेव्हा मरिसोल बाहेर पडत होती. तिच्या हातातल्या बाटलीवरचं नाव त्याने वाचलं, गेटापाशी उभ्या दोघांच्या हातातल्या बाटल्यांवरचंही.

“हे काय केलंस तू? सगळं डील गेलं ना आता.”

“नोकरीपण गेली असेल,” देवयानी म्हणाली. “तुझा वाटा काढून ठेवलाय. सगळ्यांना दिला तेवढाच.”

तिने स्टीलचा छोटा डबा त्याच्या कूलरवर ठेवला. त्यावर तीच चिकटपट्टी, तेच नाव. फाइल तिने उघडलीही नाही.

ग्रांट डबा घेऊन पायरी उतरला, तेवढ्यात मावशी पदराला हात पुसत दारात आली.

“डबा घरचा आहे, परत आण म्हणावं. आणि रिकामा आणू नकोस.”

देवयानीने एकही शब्द न गाळता ते इंग्रजीत सांगितलं.