थंड पाण्यात, हाताने

आईने कामाच्या दुकानातून आणलेला बारीक चिमटा निळ्या कापडात घातला आणि पहिला टाका उचलला. एरवी या चिमट्याने ती लोकांच्या चष्म्यांचे मोहरीएवढे स्क्रू बसवायची. आज ती एक नाव उसवत होती. पोशाखाच्या मानेच्या आत, अंगात घातल्यावर कुणाला दिसणार नाही अशा जागी, ते पांढऱ्या दोऱ्याने भरलेलं होतं. आणि भरणाऱ्या बाईने ते घाईत भरलेलं नव्हतं. टाका सहजी निघत नव्हता. निघालेले दोरे तिने बशीत ठेवले. ते केराच्या टोपलीत टाकायला हात धजेना.

शेवटचं अक्षर निघालं तेव्हा तिने कापड खिडकीसमोर धरलं. दोरा गेला होता, पण सुईची भोकं तशीच होती. दुपारचं ऊन त्यांतून आरपार येत होतं आणि नाव स्पष्ट वाचता येत होतं.

तिने पोशाख पटकन खाली ठेवला. "धुतल्यावर बुजतील," असं ती घरात कुणी नसताना मोठ्याने म्हणाली.

हौसेला मोल नसतं म्हणतात. ज्याने ही म्हण काढली त्याच्या घरात जिम्नॅस्टिक्स करणारी मुलगी नसावी. सरावाला जुना लिओटार्ड, म्हणजे तो अंगाला घट्ट बसणारा पोशाख, चालतो, विरलेला चालतो, रफू केलेलाही चालतो. पण संघ म्हणून स्पर्धेत उतरायचं तर सगळ्या मुलींच्या अंगावर एकसारखा हवा: तोच निळा रंग, छातीवर तेच चमकणारे खडे, वरून तेच जॅकेट, पाठीवर तीच बॅग. एखादीचा वेगळा दिसला तर सगळ्या संघाचे गुण कापतात. बरं, एवढं करून मुली काही मापात राहत नाहीत. आज अंगाला बसलेला पुढच्या वर्षी आखूड होणारच. नाकापेक्षा मोती जड. हे आईला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण तिची लेक आजवर राखीव होती आणि राखीव मुलीला संघाचा पोशाख लागत नाही, या एका सवलतीवर घर निभावून नेत होतं.

मग संघात जागा झाली. कशी झाली ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. जिला सगळे भिंगरी म्हणायचे, जी बीमच्या त्या अरुंद लाकडावर अंगणात फिरावं तशी फिरायची, ती मुलगी साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. बातमी आली तेव्हा आई दुकानातल्या काउंटरला धरून रडली होती. आणि रडता रडताच तिच्या मनात येऊन गेलं होतं, की आता आपलीचा नंबर लागेल. हा विचार तिने बोलावला नव्हता. पण तो आला, आणि आल्यापासून बिऱ्हाड करून बसला होता.

"एकटा नग शिवायचा तर कारखानेवाला दुपटीच्या वर सांगतोय," मुलींच्या प्रशिक्षक मॅडम सराव संपल्यावर तिला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या. "वर वेळेत देईल याचा भरवसा नाही. एक तयार आहे. बाकीच्यांच्या बरोबरच शिवलेला, जॅकेटसकट. एकदाही घातलेला नाही."

"कुणाचा?" आईने विचारलं, आणि विचारताच तिला कळलं.

नवऱ्याने घरी आल्यावर सगळं ऐकून घेतलं. लेकीला तो लाडाने नाकतोडा म्हणायचा आणि नाकतोड्याला कपडे कशाला लागतात, असा त्याचा नेहमीचा विनोद होता. तो त्या दिवशी त्याने केला नाही.

"घेऊन टाक," तो बुटाची नाडी सोडवत म्हणाला. सुटलेली नाडी त्याने परत सोडवली. "पण पोरीला सांगू नकोस."

भिंगरीच्या आईने पोशाख आधीच काढून ठेवला होता. तिचं घर नीटनेटकं होतं, इतकं की बसायचीही चोरी वाटावी. न्हाणीघराबाहेरच्या दोरीवर एक लहान हँगर रिकामा लटकत होता आणि जाता-येता दोघींपैकी कुणीच त्याच्याकडे पाहत नव्हतं. पाकिटाचं तोंड आईने पर्समध्येच उघडलं, तोच भिंगरीची आई म्हणाली,

"पैशांचं नका काढू. त्यापेक्षा एक करा. स्पर्धा झाली की हा एकदा माझ्याकडे आणून द्या. दुसऱ्या दिवशी परत घेऊन जा."

"आणीन की."

"त्याच दिवशी पण. झाली की लगेच."

"हो हो, लगेच."

"मी बघायला येणार नाही. मला नाही जमायचं." तिने जॅकेटची घडी उगाच मोडून पुन्हा घातली. "मशीनमध्ये घालू नका कधी. थंड पाण्यात, हाताने. पिळायचा नाही, खडे निखळतात. तिचे सगळे मीच धुवायचे. बादलीभर पाणी पांढरं व्हायचं नुसतं, त्या हाताला लावायच्या पावडरीने. हा तेवढा..."

वाक्य तिथेच राहिलं. आईने मान हलवली आणि पिशवी उचलली. जिना उतरताना तिला हायसं वाटलं. एवढी महागाची वस्तू फुकटात मिळाली आणि एका खेपेवर भागलं, असंही वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली.

लेक सरावाहून आली तेव्हा पोशाख पलंगावर मांडलेला होता. सैल वाटलेले खडे आईने चिमट्याने घट्ट बसवले होते, मानेच्या आत काही उरलेलं नव्हतं, भोकांखेरीज.

"नवीन?" लेकीने विचारलं.

"मॅडमनी मिळवून दिला."

लेकीने तो उचलला, उलटा केला, मानेच्या आतून एकदा बोट फिरवलं आणि अंगात घातला. बेतून शिवल्यासारखा बसला. ती आरशासमोर पाठमोरी उभी राहिली आणि मान वळवून स्वतःची पाठ पाहत राहिली. आईला वाटलं होतं, ती नाचेल, बाबांना दाखवायला धावेल. तिने तो काढून घडी करून ठेवला आणि हात धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी बशी रिकामी होती. नवऱ्याने दोरे टाकले असतील असं आईने धरलं आणि विचारायचं टाळलं.

स्पर्धेच्या दिवशी संघ रांगेत आत आला. उंचीप्रमाणे उभ्या मुली, सगळ्यांचे केस एकसारखे वर बांधलेले, सगळ्या निळ्या. क्षणभर आईला आपली लेक कोणती ते कळेना. पुढच्या बाकावरच्या दोन बाया पाहत होत्या. "ती बघ ना, मागून अगदी..." एक म्हणाली आणि तिने जीभ चावली. दुसरीने मागे वळून आईकडे पाहिलं, ओळखीचं हसली आणि पाण्याची बाटली शोधू लागली.

आईला राग आला. बाईचा नाही, त्या निळ्या कापडाचा आला. एवढ्या सगळ्या गर्दीत तिला आपली मुलगी आपलीच दिसायला हवी होती, आणि नेमकं तेच होत नव्हतं.

लेक बीमपाशी आली. हात वर करून पंचांना नमस्कार झाला. मग चढण्याआधी तिने उजवा हात मागे नेला आणि मानेवर, पोशाखाच्या काठाच्या आत, दोन बोटं टेकवली. ही लकब लेकीची नव्हती. भिंगरी बीमवर चढण्याआधी मानेला असाच हात लावायची. सगळा हॉल त्या लकबीला ओळखत होता. बाकांवर कुजबुज झाली आणि विरली.

लेक चढली. चालली, उडाली, परत लाकडावर टेकली, पुन्हा चालली. एका पायावर गिरकी घेताना डगमगली. आईने शेजारच्या परक्या बाईचा हात धरला. पण ती पडली नाही. खाली उतरली तेव्हा बाकांवर टाळ्या वाजल्या आणि आईच्या लक्षात आलं, की त्या टाळ्या नक्की कुणाला हे तिला सांगता येणार नाही.

घरी पोचल्या पोचल्या आईने पोशाख मागून घेतला. आजच द्यायचा होता आणि कुणाचं घामेजलेलं परत करायची तिला सवय नव्हती. उसनी वाटीसुद्धा ती घासून-पुसून द्यायची.

"जॅकेटही दे. एकदमच धुते."

"नको. थंडी वाजतेय." लेकीने चेन गळ्यापर्यंत ओढली. हवेत थंडीचा मागमूस नव्हता.

आईने बादली भरली. थंड पाण्यात, हाताने. पाणी लगेच पांढुरकं झालं. कोपरे, काखा, पाठ, सगळं तिने हलक्या हाताने चोळलं आणि मान धुवायला पोशाख उलटा केला. मानेच्या आत नाव होतं.

हातातला साबण सुटून बादलीत पडला. न्हाणीघरात ती एकटी होती आणि दार लोटलेलं होतं. तिने डोळे मिटले, उघडले. नाव तिथेच होतं. पांढरा दोरा, त्याच भोकांतून गेलेला, तीच अक्षरं. मग तिला दिसलं, की एक वेलांटी भलतीकडे गेली आहे आणि शेवटी दोऱ्याची गाठ मुगाएवढी आहे. अशी गाठ या घरात एकच जण मारायचं. शाळेच्या शिवणाच्या तासाला लेकीला त्यावरून बोलणी बसली होती.

नाव पुन्हा उसवायचं तिच्या मनात आलं नाही असं नाही. मग तिने पोशाख स्वच्छ पाण्यातून काढला, टॉवेलमध्ये गुंडाळून टिपला आणि पंख्याखाली धरून वाळवला.

"काकूंकडेच ना? मी पण येते," लेक दारात उभी राहून म्हणाली. जॅकेट अजून अंगातच होतं.

भिंगरीच्या आईने बेल वाजायच्या आतच दार उघडलं. तिच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या होत्या. आईने घडी पुढे केली. भिंगरीच्या आईने ती दोन्ही हातांनी घेतली आणि तिथेच, दारात, चेहऱ्याशी नेली.

तिने एकच श्वास ओढून घेतला. मग तिने घडी खाली केली.

"धुतलात," ती म्हणाली.

"म्हणजे काय! घामाचा कसा देणार? तुम्ही सांगितलंत तस्साच, थंड पाण्यात..."

बोलता बोलता आईची नजर आत गेली. न्हाणीघरातला दिवा चालू होता. बादली काठोकाठ भरलेली होती. बाजूला पाट मांडलेला होता आणि पाटावर नवी साबणाची वडी, अजून कागदात.

माफी मागावी तर कोणत्या शब्दांत, आणि चूक तरी काय म्हणून सांगावी? वस्तू स्वच्छ करून परत दिली, ही?

"चांगला निघालाय," भिंगरीची आईच सावरून म्हणाली. "खडेही शाबूत आहेत. बसा ना."

कुणी बसलं नाही. तेवढ्यात चेन ओढल्याचा आवाज आला. लेकीने जॅकेट काढलं. बाह्यांची टोकं पावडरीने पांढरी झाली होती आणि पाठीवर घामाचा डाग अजून ओलसर होता. खिशांतून तिने मनगटाच्या पट्ट्या काढल्या, त्याही तशाच मळलेल्या, आणि सगळं मिळून पुढे केलं.

"काकू, हे धुवायचं राहिलंय."

भिंगरीच्या आईने तिच्याकडे पाहिलं. नंतर निळी घडी खुर्चीवर ठेवून तिने जॅकेट घेतलं, आणि या वेळी चेहऱ्याशी नेल्यावर लवकर खाली केलं नाही. दोघी आत गेल्या. पाट सरकवल्याचा आवाज आला, साबणाचा कागद फाटल्याचा आला.

"गिरकीला डगमगलीस?" आतून भिंगरीच्या आईचा आवाज आला.

"थोडी."

"उजव्या पायावर?"

"हो. तीपण तिथेच डगमगायची."

"मग! मी तिला सांगून थकले, नजर टोकावर ठेव म्हणून."

"मलाही तीच सांगायची. स्वतः ठेवायची नाही."

आत कुणीतरी हसलं. आईला ते हसणं कुणाचं ते ओळखता आलं नाही. ती खुर्चीपाशी गेली आणि घडी उचलून हातात धरली, म्हणजे हाताला काहीतरी काम झालं असतं. जाऊन सांगावं, की चल, उशीर होतोय. सांगावं, की पुढच्या वेळेपर्यंत हा आखूड होईल, आम्ही कसंही करून नवीन शिवू, कारखानेवाला दुपटीने घेईल तर घेऊ दे. ती दारापर्यंत गेलीसुद्धा. लेक पाटाशेजारी उकिडवी बसली होती आणि भिंगरीची आई बाही हळूहळू चोळत होती. बादलीतलं पाणी दुधासारखं झालं होतं.

"पुढची कधी आहे गं?" भिंगरीच्या आईने वर न पाहता विचारलं.

आईने तोंड उघडलं.

"महिनाअखेर," लेक म्हणाली. "मी आणून देईन, काकू. आईला नाही धुवू देणार."

कुणीही मागे वळून पाहिलं नाही. आई धुतलेला पोशाख हातात घेऊन दारात उभी राहिली, आणि नळ पुन्हा सुरू झाला.