कोंढारवाडीचा हवामान मित्र

रवळूला हवामान मित्र केलं तेव्हा त्याला एक टोपी, एक टी-शर्ट, एक मोबाईल आणि एक प्रमाणपत्र मिळालं. टी-शर्टावर पुढं कन्नड होतं, मागं इंग्रजी. कोंढारवाडीत बोलतात मराठी, ती तेवढी राहून गेली.

कोंढारवाडी म्हणजे संकेश्वरच्या पश्चिमेला डोंगरात चिकटलेली अठ्ठावीस घरं. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची वावरं, त्यांत नाचणी आणि थोडं भात. अलीकडं पाऊस महिना महिना तोंड दाखवायचा नाही, आणि आला की दोन दिवसांत सगळा हिशेब उरकून वावरांचे दगडी बांध फोडून माती खाली घेऊन जायचा. ही गोष्ट बेळगावच्या एका संस्थेला कळली आणि तिनं प्रकल्प काढला. प्रकल्पाची अधिकारी ऋतिका, बोलायला गोड, मनानं चांगली पोरगी. तिनं शाळेच्या पडवीत पडदा लावून चित्रं दाखवली आणि हवामान बदलतंय असं सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. त्यांची माती तीनदा वाहून गेली होती, पण पडद्यावर बघितल्यावर खात्री पटली.

योजना सोपी होती. बेंगळूरहून पावसाचा अंदाज मेसेजनं येणार आणि तो वाचून शेतकरी शहाणा होणार. अडचण एकच, वाडीत रेंज नव्हती. रेंज होती ती डोंगरमाथ्यावरच्या एका खडकावर, तिथंही पूर्वेला तोंड करून उभं राहिलं तरच. पश्चिमेला वळलं की फोन महाराष्ट्रात जायचा. म्हणून रवळूनं रोज सकाळी खडकावर चढायचं, मेसेज घ्यायचा, खाली येऊन देवळाच्या कट्ट्यावर वाचून दाखवायचा.

रवळू चौथीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेला. मेसेज कन्नडातून यायचा, पण अक्षरं त्याला लागत होती. "आर्द्रता सत्त्याऐंशी टक्के. नैर्ऋत्य वारे. हलक्या सरींची शक्यता," असं तो सांगायचा. वळवाचे दिवस होते. कधी कधी खडकावरून उतरेपर्यंत तो डोक्यापासून पायापर्यंत भिजायचा आणि कट्ट्यावर उभा राहून, टोपीतलं पाणी झटकत, पावसाची शक्यता वाचायचा.

दोन आठवड्यांनी मेसेज यायचे बंद झाले. रवळूनं खडकावरून ऋतिकाला फोन लावला.

"तांत्रिक अडचण आहे रवळूभाऊ," ती म्हणाली. "वर कळवलंय. तुम्ही तोवर चालू ठेवा."

"काय चालू ठेवू, म्याडम?"

"चढणं."

रवळू चढत राहिला. पण खाली कट्ट्यावर माणसं वाट बघायची. रिकाम्या हातानं उतरायची त्याला लाज वाटायला लागली. जन्मभर त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. आता भरमूआप्पासारखा वाडीचा कारभारी उठून जागा देत होता. तिसऱ्या दिवशी तो घरातच बसून राहिला, तेव्हा बायकोनं, मालुबाईनं, भाकरी थापता थापता म्हटलं, "मेसेज आलाय म्हणून सांग की."

"कसला?"

"वड्याकडचा बांध बांधा म्हणून."

मालुबाईचा बाप दगडी बांध रचणारा. ती लहानपणापासून त्याला दगड निवडून देत आलेली. गेली पाच वर्षं प्रत्येक बैठकीत ती सांगत होती, की पावसाआधी वरच्या ओढ्याकडचा बांध सगळ्यांनी मिळून नीट करा, वर चर खणा, पाणी घळीत वळवा. आणि पाचही वर्षं भरमूआप्पा तंबाखू मळत म्हणाले होते, "बाईमाणसाला दगडातलं काय कळतंय?"

रवळू घाबरत घाबरत कट्ट्यावर गेला. मोबाईल डोळ्यांसमोर धरून म्हणाला, "महिनाअखेरच्या आत वरच्या ओढ्याजवळचा बांध दुरुस्त करावा. प्रत्येक घरातनं दोन माणसं."

भरमूआप्पांनी विचारलं, "दोन माणसं? असं लिवलंय?"

"व्हय, आप्पा."

"बघा," आप्पा लोकांकडं वळून म्हणाले, "तिकडं बेंगळुरात बसून माणूस किती बारीक इचार कराय लागलाय!"

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी कामाला लागली. मेसेज रोज येत गेला. मोठा दगड खाली घ्या. पोटात बारीक भर घाला. बांध आतल्या अंगाला थोडा कलता ठेवा. बेंगळूरच्या साहेबांना दगडाची एवढी पारख कशी, याचं कौतुक करत पुरुष घाम गाळत होते. मालुबाई पाटीनं भर टाकत गप्प होती. मात्र एकदा तिलाही राहवलं नाही. त्या दिवशी मेसेज आला, की वाढत्या उष्म्यामुळं दुपारचं पाणी पुरुषांनी आणावं. आठ दिवस कोंढारवाडीचे पुरुष विहिरीवर घागरी घेऊन रांगेत उभे होते आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

जुलैत दोन दिवस आभाळ फाटलं. शेजारच्या वाडीची निम्मी वावरं ओढ्यात गेली. कोंढारवाडीचं पाणी चरातून घळीत उतरलं. बांध हलला नाही.

आठवड्याभरात ऋतिका गाडी घेऊन आली. तिनं रवळूचा टोपीसकट फोटो काढला. मेसेज यायचे कधीचे बंद झालेत हे तिला ठाऊक होतं. तिनं विचारलं नाही आणि रवळूनं सांगितलं नाही. पुस्तिका निघाली: 'संदेश पोहोचला, डोंगर सावरला.'

दिवाळीनंतर प्रकल्प तपासायला निशांत नावाचे साहेब आले. त्यांनी पडवीत लॅपटॉप उघडला, लोकांचं ऐकून घेतलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "आमच्याकडून एकूण चौदा मेसेज गेलेत. मे महिन्याच्या मध्यानंतर एकही नाही. बांधाबद्दल तर कधीच नाही. मग हे कुणी पाठवलं?"

रवळू पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला. ऋतिका छताकडं बघत होती.

मालुबाई उठून उभी राहिली. "मी."

"तुमचं हवामानाचं शिक्षण झालंय?"

"न्हाय. माझं वावार हाय हितं."

साहेबांनी वहीत लिहून घेतलं, 'अनधिकृत माहितीचा प्रसार'. ऋतिका हळूच म्हणाली, "सर, पुस्तिका छापून झालीय." दोघं गाडीत जाऊन बराच वेळ बोलले. बाहेर आले ते निर्णय घेऊनच. यश प्रकल्पाचंच राहील. रवळूचं हवामान मित्रपद रद्द. टोपी आणि मोबाईल परत घेतला. टी-शर्ट धुऊन धुऊन विरला होता, तो सोडून दिला.

वाडीला संस्थेचा राग आला नाही. वाडीला राग आला मालुबाईचा.

"म्हंजे बारा दिवस आम्ही हिच्या सांगण्यावर दगड वाहिलं?" भरमूआप्पा कडाडले.

"आन् घागरी बी," मागनं कुणीतरी म्हणालं.

तीनदा माती गेली तेव्हा वाडी एवढी खवळली नव्हती. रवळूला कट्ट्यावर जागा मिळेनाशी झाली. तो घरी येऊन बायकोवर उखडला, "तुला काय गरज हुती उठायची?"

"पाच वर्सं बसूनच बोलले," मालुबाई म्हणाली. "कुणाला ऐकू आलं?"

रवळूनं विरलेला टी-शर्ट काढून पायपुसण्याला टाकला आणि त्या दिवसापासून तो बायकोबरोबर वावरात सरळ कामाला लागला.

पुढच्या उन्हाळ्यात प्रकल्पाचा दुसरा टप्पा आला: 'पारंपरिक दगडी बांध, पुरुष शेतकऱ्यांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण'. मांडव पडला. बाहेरून आलेले तज्ज्ञ थर्माकोलच्या दगडांचा बांध रचून दाखवायला लागले. वारा आला की बांध उडायचा. ऋतिका धावत जाऊन दगड गोळा करून आणायची.

त्याच सकाळी मालुबाई अकरा बायकांना घेऊन ओढ्याकडं गेली. परतीच्या पावसानं मात्र बांधाची एक बाजू पोटातून फुगवली होती. ती उतरवून पुन्हा रचायची होती. पुरुषांत एकटा रवळू होता. तो पहार मारत होता, बायका दगड सरकवत होत्या, मालुबाई कुठला कुठं ते सांगत होती.

दुपारी भरमूआप्पा चढण चढून आले. गळ्यात प्रशिक्षणार्थी म्हणून ओळखपत्र लोंबत होतं. बायका थांबल्या. आप्पा फुगलेल्या बाजूकडं बघत उभे राहिले, कारण तिच्या बरोबर खाली त्यांचंच वावर होतं.

मग त्यांनी ओळखपत्र काढून खिशात घातलं, धोतर खोचलं आणि एक दगड छातीशी धरून उचलला.

"ह्यो कुठं लावू?" त्यांनी खाली बघत विचारलं.

"खालच्या थराला, आप्पा," मालुबाई म्हणाली. "लांब अंग आत घ्या."

आप्पांनी लांब अंग बाहेर ठेवलं. मालुबाईनं दगड काढायला लावला. त्यांनी काढला आणि फिरवून नीट बसवला.

ऋतिकाच्या अहवालात त्या दिवशी बत्तीस पुरुष प्रशिक्षित झाले.