नाव घातलेला चमचा

पुरुषोत्तमना मिशिगनमधल्या ट्रॉयला, लेकीकडे येऊन जेमतेम महिना झाला होता, तोच त्यांनी जावयापाशी तिकिटाची गोष्ट काढली.

"देवदत्तराव, माझं तिकीट जरा अलीकडचं मिळतं का बघा. करमत नाही बाप्पा इथं. रस्त्यावर माणूस दिसत नाही. परवा एक दिसला, तोही पळत होता. मला वाटलं काहीतरी झालं, म्हणून मीही थोडा पळालो."

देवदत्तने बातमी दिली तेव्हा आसावरी पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. नागपूरच्या घरात बाबा एकटे जाऊन काय करणार, तर दोन वेळा कुकर लावणार आणि टीव्हीशी भांडणार.

"थंडी पडेपर्यंत ते इथेच राहिले पाहिजेत," ती म्हणाली. "कसं, ते तू बघ."

लाटणं तिच्या हातातच असल्यामुळे देवदत्तला मुद्दा लगेच पटला.

त्याने ऑफिसातल्या ग्लेनला विचारलं. घटस्फोट, गुडघेदुखी, ले-ऑफ, कशावरही ग्लेनचा एकच उपाय असे: तळ्यावर जा, मासे धर. बाबा जन्मभर पाटबंधारे खात्यात होते, त्यामुळे पाणी म्हटल्यावर ते निघाले. तळ्याला अर्धी चक्कर मारून त्यांनी विचारलं, "बांध कुठंय?"

"नाहीये बाबा. नैसर्गिक तळं आहे."

"म्हणजे टेंडरच निघालं नाही?"

त्यांना तळ्याची कीव आली. पुढची अडचण अशी की बाबा अंडंसुद्धा न खाणारे. पण इथे मासा धरतात, बघतात आणि परत सोडतात, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "धरायचा, चौकशी करायची आणि सोडून द्यायचा! हे तर आमच्या खात्यासारखंच झालं."

दुकानात मात्र ते अडून बसले. भिंतभर आमिषं टांगलेली होती. त्यातलं एक हातात घेऊन ते म्हणाले, "हा चमचा आहे."

"ते ल्यूर आहे बाबा. माशाला फसवायचं."

"दांडी काढलेला चमचा आहे. घरी ड्रॉवरभर चमचे पडलेत, आणि आपण चमचा विकत घेणार?"

झालं. ग्लेनने फोनवर कृती सांगितली. दांडी कापायची, दोन्ही टोकांना भोक पाडायचं, एका भोकात दोरीसाठी कडी, दुसऱ्यात गळ. बाकदार पत्रा पाण्यात डुलत जातो आणि माशाला तो जखमी पिल्लासारखा दिसतो. लग्नात आलेला चमच्यांचा भारी सेट पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला होता, आणि पाहुण्यांना प्लॅस्टिकचे चमचे दिले जात, त्यामुळे त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. देवदत्तने ड्रॉवरमधला एक जुना स्टीलचा उचलला. त्याच्या पाठीवर ठिपक्याठिपक्यांनी कुणाचं तरी नाव घातलेलं होतं. पण मराठी घरात भांड्यावरचं नाव कोण वाचतं? वडीचा डबा म्हणून आलेलं भांडं परत न गेल्यामुळे आपल्या घरात किती अनोळखी लोक नांदत असतात. बाबांनीही वाचलं नाही, कारण चष्मा काढून त्यांनी ग्लेनकडून मागून आणलेला ड्रिलिंगचा गॉगल चढवला होता.

कड्या किल्ल्यांच्या जुडग्यातून निघाल्या. चमच्यावर माशासारखे डोळे आसावरीच्या नेलपॉलिशने काढले. मग चाचणी म्हणून दोघांनी बाथटब भरला. आसावरी दार उघडून बघते तो तिचा बाप टबाच्या या टोकाला, नवरा त्या टोकाला, आणि दोघं दोरीने काहीतरी ओढतायत.

"काय चाललंय?"

"चाल बघतोय," बाबा म्हणाले. "डावीकडं जरा जास्त झुकतो."

तिने दार लावून घेतलं.

तळ्यावर दोरीची गाठ बाबांनी मारली. "जन्मभर पायजमा घातलाय, गाठीचं मला सांगू नका." पहिल्याच फेकीला पाणी उसळलं आणि हातभर लांबीच्या पाइक माशाने चमचा धरला. बाबा ओरडले, देवदत्त ओरडला, माशाने एक हिसडा दिला, आणि नाडीची गाठ नाडीच्या गाठीने जे करायचं असतं तेच करून मोकळी झाली. मासा चमचा घेऊन गेला. बाबा वाटभर हसत होते. ट्रॉयला आल्यापासून पहिल्यांदाच.

घरी आसावरी ड्रॉवर उपसत होती. "आईचा चमचा कुणी घेतला? पाठीवर सुमेधा घातलेला. दह्याला मी तोच वापरते."

हसणं थांबलं.

"कुठंय तो, देवा?"

"तळ्यात."

"तळ्यात म्हणजे?"

"म्हणजे, तसा माशात."

आसावरी खुर्चीवर बसली. म्हणाली, "आईला मासळीचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही रे."

बाबा उठले. "तिकिटाचं राहू द्या, देवदत्तराव. ती तिकडं माशाच्या तोंडात, आणि मी विमानात बसून जेवण जेवू? तिला आणल्याशिवाय मी हलत नाही."

त्यानंतर बाबा रोज सकाळी तळ्यावर. गाठ ते ग्लेनकडून शिकले. त्यांचे नवे चमचे पाण्यात असे डुलू लागले की ग्लेन मागून घेऊन गेला. एकदा झाऱ्याकडे बाबा फार विचारपूर्वक बघताना दिसले, तेव्हा आसावरीने तो लपवला. ग्लेनला त्यांनी कागदावर 'सुमेधा' लिहून दिलं होतं, आणि ग्लेन धरलेल्या प्रत्येक माशाचं तोंड उघडून आत मराठी शोधत असे. झाडं लाल झाली, तरी तपास सुरूच होता.

एका शनिवारी देवदत्त गाडीतच फोनवर ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकला होता. समोर धक्क्यावर बाबांनी मोठा पाइक ओढला. पकडीने त्याच्या जबड्यातून काहीतरी सोडवलं, माशाला अलगद पाण्यात ठेवलं. मग ती वस्तू सदऱ्याला पुसली, चष्मा लावला आणि वाचली. काहीतरी बोललेही तिच्याशी, बहुतेक रागावलेच. मग इकडेतिकडे बघून ती खिशात टाकली.

देवदत्त खाली उतरला. "काय बाबा, लागलं काही हाती?"

"नाही बाप्पा." खिशातून लाल नेलपॉलिशचा एक डोळा देवदत्तकडे टक लावून बघत होता. "पाणी खोल आहे. वेळ लागणार. तिकीट पुढं ढकलता येईल?"

"येईल की."

"काम अर्धवट टाकून जायची आमच्या खात्यात पद्धत नव्हती," बाबा म्हणाले.

घरी गेल्यावर आसावरी म्हणाली, "बाबा, सदरा काढा. मासळीचा वास येतोय, मशीनला टाकते."

बाबांनी खिसा धरला. गळ आतून कापडात घट्ट रुतला होता. सदरा निघाला असता तर सुमेधासकट निघाला असता.

"राहू दे ना त्यांना त्यात," देवदत्त पोळीचा तुकडा मोडत म्हणाला. "मासे ओळखतात त्यांना त्या सदऱ्यात."