दिव्याजवळचं भस्म

मोतीबाबांनी घेवड्याचं रोप उपटलं, मुळं बादलीत खळबळून वर धरली आणि सगळ्या गर्दीने आ वासला. मुळांना मोतीच मोती!

"माझं भस्म बियांना चोळा, धरणी मोती देईल," बाबा गरजले. "पण मंत्र मनापासून म्हणा. ज्याच्या घरात खोट, त्याच्या मुळाला खडासुद्धा नाही!"

गर्दीत एक आई आणि तिची लेक उभ्या होत्या. त्यांच्या घरच्या वाफ्यात खडासुद्धा लागला नव्हता. बाबांनी त्याचं कारणही सांगून टाकलं होतं: "तुमच्यातला गेलेला माणूस नाराज आहे." वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्या दिवसापासून आईच्या घशाखाली घास उतरेना. "मी काय कमी केलं गं त्यांचं?" एवढंच ती विचारायची.

लेकीने घेवड्याची रोपं वाढलेल्या दोन कुंड्या बाबांपुढे आणून ठेवल्या.

"बाबा, दोन्हींत तुमचंच भस्म, एकच बी, एकच उकळून घेतलेली वाळू. या कुंडीवर तुमचा मंत्र म्हटला, अगदी मनापासून. हिच्यावर एकोणतीसचा पाढा म्हटला. तोही चुकला."

हशा पिकला. "पाढ्याला कुठे मोती लागतात, पोरी!" बाबाही हसले.

"बघू या की."

मंत्राची मुळं धुतली, तर ती झाडूसारखी मोकळी. पाढ्याची मुळं मात्र मोत्यांनी लगडलेली.

"बाबा, तुम्हीही पाढे पाठ करा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"पोरीच्या मनातच खोट आहे!" बाबा खेकसले.

"मनात नाही, तव्यात आहे. मंत्राचं भस्म मी आधी तव्यावर तापवलं होतं." तिने एक मोती नखाने फोडला. आत तो गुलाबी होता. "या गाठी आहेत. यांत जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र धरून रोपाला खाऊ घालतात, रोप त्यांना साखर देतं. हे भस्म म्हणजे कोळशाच्या भुकटीत मिसळलेले तेच जिवाणू. माझे वडील दर पेरणीला बियांना लावायचे आणि बी सावलीतच सुकवायचे. उष्णतेने ते मरतात."

बियाण्यांचा दुकानदार उठून उभा राहिला. "अहो बाबा, माझ्याकडून खोकी भरभरून पाकिटं नेलीत, ती ही? मला वाटलं, स्वतःच्या शेतासाठी नेताय!"

बाबा भस्माची झोळी हळूच पाठीमागे सरकवू लागले.

आई पुढे आली. "पण मी कुठे भस्म तापवलं होतं?"

"ठेवलं कुठे होतंस?"

"ह्यांच्या फोटोपाशी. पत्र्याच्या डबीत, दिव्याला अगदी चिकटून. दिवा तर रात्रंदिवस..."

"त्या डबीचा मला चटका बसला, तेव्हाच शंका आली."

"म्हणजे ते नाराज नाहीत?"

"नाही गं आई. नुसतं भस्म भाजलं."

आई हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं.

लेक गर्दीकडे वळली. "पीक का आलं नाही, हे जरूर विचारा. मातीला विचारा, बियांना विचारा, जाणत्याला विचारा. पण उत्तर म्हणून जो आपल्या गेलेल्या माणसाकडे बोट दाखवतो, त्याला आधी दार दाखवा."

पुढच्या पेरणीला आईने काळं माखलेलं बी स्वतः खाटेखालच्या सावलीत पसरलं. वडील पसरायचे तिथेच. मग ती ताट वाढून घेऊन जेवायला बसली.