भरल्या थाळ्यावरून उठवलेला पाहुणा

मित्रांनो, मी सावद्याच्या तोताराम नानांच्या घरातला पितळी थाळा. वयानं जुना, अंगानं जड आणि स्वभावानं घाबरट. हसू नका! पितळेला कसली आली भीती, असं तुम्हाला वाटेल. अहो, माझ्यात वाढलेलं अन्न माणसाच्या पोटात जातं. मग जिवाला घोर नको लागायला?

नानांच्या बायकोच्या, म्हणजे शेवंताबाईंच्या वडिलांनी मला जळगावच्या एका कासाराकडून घेतलं, काठावर लेकीचं नाव कोरून घेतलं आणि तिच्या लग्नात आंदण दिलं. देताना कासारानं बजावलं होतं, "आतल्या कल्हईला जपा. ती गेली की आंबट वाढू नका. अन्न कळकतं, हिरवट पडतं, न् मग ते अन्न राहत नाही, विष होतं." नव्या नवरीनं ते मनात पक्कं धरलं.

पहिली वर्षं मोठ्या मानाची गेली. जावई आला, व्याही आले, की "काढा तो लग्नातला थाळा!" गल्लीत कल्हईवाल्याची आरोळी आली की शेवंताबाई आधी मला त्याच्या भात्यासमोर ठेवायच्या. नवसागराचा धूर निघाला, कथलाचा हात फिरला, की मी आतून पांढराशुभ्र. काय ऐट होती माझी तेव्हा! पुढे घर वाढलं, रोजच्या वापराला हलक्या ताटल्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. कल्हईवाला येऊन जायचा, मला कोणी खाली काढत नसे. आतली कल्हई विरळ झाली होती. ते मला दिसत होतं, पण सांगणार कोणाला?

देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती. उन्हाळ्याचे दिवस होते. नानांची केळीची बाग बघायला जपानचे एक शेतीतज्ज्ञ येणार असा निरोप आला. त्यांचं नाव हायाशी. धुळ्याचे रतिलालभाऊ त्यांना घेऊन येणार होते, कारण दोघांना इंग्रजी येत होतं. घरात नुसती धांदल! नाना म्हणाले, "परदेशचा पाव्हना हाये. लग्नातलाच थाळा काढा, न् असा घासा की तोंड दिसलं पाहिजे."

शेवंताबाई मागच्या अंगणात खापरावर मांडे भाजत होत्या, म्हणून घासायचं काम आलं नव्या सुनेकडे, पुष्पाकडे. तिच्या माहेरी सगळी भांडी जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची. पितळेचं आतून काय असतं, ते तिला बिचारीला ठाऊक नव्हतं. तिनं चिंच घेतली, राख घेतली आणि आतूनबाहेरून मला असं घासलं की उरलीसुरली कल्हईही निघून गेली. "सोन्यासारखा झाला बघा!" ती कौतुकानं म्हणाली. मला मात्र कासाराचे शब्द आठवले. आज जेवायला गावरान आंब्याचा आंबूस रस होता आणि वर ताकाची कढी!

पाहुणे आले. हायाशीसाहेबांनी बूट काढले आणि उलटे फिरवून, टोकं रस्त्याकडे करून ठेवले. नाना घाबरले. "काऊन? लगेच निघाले का काय?" रतिलालभाऊ हसले. "नाही नाना, त्यांच्याकडे अशीच रीत आहे. आणि एक सांगून ठेवतो, त्यांच्यात ताटात एक शीतही टाकत नाहीत. टाकलं तर रांधणारीचा अपमान."

"वा! न् आमच्याकडे पाव्हन्याचं ताट रिकामं दिसलं तर घराचा अपमान," नाना खुशीत म्हणाले. "जमलं मग आमचं!"

कसलं जमलं, माझं कपाळ! मी तिथंच गार पडलो.

पंगत बसली. नानांचा मुलगा सुकदेव वाढायला होता. मांड्याची घडी पडली, तिच्यावर रस ओतला गेला. पाहुण्यांनी हात जोडून काहीतरी पुटपुटलं आणि डाव्या हातानं कढीची वाटी उचलून थेट तोंडाला लावली. सुर्रर्र असा आवाज झाला. डावा हात बघून शेजारी बसलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. आवाज ऐकून सुकदेवाला वाटलं, साहेबांचं तोंड भाजलं. रतिलालभाऊ हळूच म्हणाले, "आवडल्याची खूण आहे ती." मग नानांनी काय करावं? पाहुण्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्यांनीही आपली वाटी डाव्या हातानं उचलली आणि भुरका मारला. एरवी मला हसू फुटलं असतं. पण माझ्या तळाशी रस हिरवट पडायला लागला होता.

पाहुण्यांनी घास घेतला आणि क्षणभर थांबले. मी मनात ओरडलो, थांबा हो, थांबा, टाका तो घास! त्यांनी तो गिळला. मान झुकवली, हसले आणि पुढचा घास घेतला. थाळा रिकामा झाला. सुकदेवानं पुन्हा भरला. पुन्हा रिकामा, पुन्हा भरला. साहेबांच्या कपाळावर घाम आला. नाना म्हणाले, "लाजू नका साहेब, अजून एक मांडा!"

त्या काळी परक्या पुरुषांसमोर घरातल्या बायका येत नसत. दाराआड उभं राहून पंगतीकडे लक्ष ठेवायचं आणि काही कमी दिसलं की बांगड्या वाजवायच्या, म्हणजे वाढणाऱ्याला कळायचं. शेवंताबाई मांडे आटोपून दाराशी आल्या. त्यांची नजर माझ्यावर पडली.

"अवं पुष्पा, थाळा आतून पिवळा काऊन दिसून राह्यला?"

"चिंचेनं घासला ना मी, आत्याबाई."

शेवंताबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. परक्या पुरुषांसमोर आवाज काढायची सोय नव्हती, नवऱ्याचं नाव घ्यायची तर नव्हतीच. त्यांनी बांगड्या वाजवल्या. सुकदेवानं ऐकलं आणि धावत येऊन आणखी रस ओतला. त्यांनी जोरात वाजवल्या. आणखी रस! घाबरून त्या वाजवत राहिल्या आणि सुकदेव वाढत राहिला. देवा रे, काय वेळ आणलीस! थाळ्याच्या काठाला रस टेकला. पाहुण्यांनी पुढचा घास उचलला.

आणि शेवंताबाई बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर सरकला होता, तो सावरायलाही त्या थांबल्या नाहीत. सगळ्या पुरुषांच्या देखत त्या वाकल्या आणि मला पाहुण्यांच्या पुढ्यातून ओढून घेतलं.

मित्रांनो, जेवत्या माणसाचं भरलं ताट आमच्याकडे वैऱ्याच्या पुढूनही कोणी उचलत नाही. नाना ओरडले, "अवं, काय केलं हे! नाक कापलं माझं!" तिकडे हायाशीसाहेबांना वाटलं, आपल्याच हातून काही मोठी चूक झाली. ते गुडघ्यांवर बसले आणि जमिनीला कपाळ टेकवून माफी मागू लागले.

"उठवा त्यांना!" शेवंताबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चूक आमची हाये. थाळ्याला कल्हई नाही. बठ्ठं, सगळं कळकलं हाये. ओकवा त्यांना आधी!"

मग एकच पळापळ झाली. रतिलालभाऊंनी भराभरा समजावलं, सुकदेवानं कोमट मिठाचं पाणी आणलं, परसात नेऊन ओकवलं. नंतर दूध पाजलं, बाजेवर निजवलं. नाना उशाशी पंखा हलवत बसले. पुष्पा चुलीपाशी रडत होती आणि शेवंताबाई तिला पोटाशी धरून म्हणत होत्या, "तुला कोनी सांगितलंच नव्हतं, पोरी. मीच सांगायला पाहिजे होतं." मी मोरीत उपडा पडलो होतो. आतल्या कण्हण्याचा आवाज आला की माझा जीव वर-खाली व्हायचा. कल्हईच्या दोन हातांनी हे सगळं टळलं असतं. म्हणून हात जोडून विनवतो, मित्रांनो, जुन्या भांड्याचा मान ठेवायचा असेल तर त्याला बाहेरून चमकवण्याआधी आतून बघा.

पुढचं मी नंतर घरात ऐकलं ते असं: दिवस कलताना पाहुणे उठून बसले. चेहऱ्यावर जरा रंग आला होता. रतिलालभाऊ म्हणाले, "नाना, चव बिघडली हे त्यांना पहिल्याच घासाला कळलं होतं. पण रांधणारीला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत." नाना खाली मान घालून म्हणाले, "न् त्यांना घाम फुटलेला मला दिसत होता. पन पुरे का, असं विचारायची आमच्यात रीत नाही."

शेवंताबाईंनी केळीच्या पानावर मऊ भात आणि साधं वरण आणलं. या वेळी त्या दाराआड गेल्या नाहीत. समोरच बसल्या. साहेबांनी दोन घास खाल्ले, मान झुकवली, नेहमीसारखे हसले.

"हसू नका," शेवंताबाई म्हणाल्या. "रतिलालभाऊ, विचारा त्यांना. कसं झालं हाये? खरं खरं सांगायचं."

हायाशीसाहेबांनी पानाकडे पाहिलं, मग शेवंताबाईंकडे. कान लाल झाले त्यांचे. शेवटी ते अगदी हळू काहीतरी बोलले. रतिलालभाऊंना सांगताना घाम फुटला.

"वहिनी, ते म्हणतात... मीठ कमी आहे."

नानांनी पटकन शेवंताबाईंकडे पाहिलं. आणि मग शेवंताबाई हसल्या, अशा मोकळ्या हसल्या, की मोरीत मला ऐकू आलं. मीठ आणायला त्या स्वतः उठल्या.