एकशे वीस फवारे

त्या सोमवारी तानाबाई दवाखान्यात आली ती भांडायलाच. औषध मागायला ती आधीच्या सोमवारी येऊन गेली होती आणि हात हलवत परतली होती. बिद्रीकडच्या गावातून कोल्हापूर म्हणजे एसटीत सव्वा तास अंग आंबवायचं, मग स्टँडवरून पायी चालायचं आणि शेवटी दवाखान्याच्या बावीस पायऱ्या चढायच्या. दम्याच्या दवाखान्याला बावीस पायऱ्या ज्यानं ठेवल्या, त्याला तानाबाई रोज सकाळी आठवणीनं शिव्या द्यायची. दर पाच पायऱ्यांना थांबत, कठडा धरत ती वर पोचली आणि बाकावर न टेकता सरळ औषधाच्या खिडकीशी गेली.

खिडकीत बाळाप्पा होता. वीस वर्षं तोच होता. मूळचा निपाणीकडचा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि हिशोबाला इतका चोख की सख्ख्या भावालाही त्यानं कधी एक गोळी जादा दिली नव्हती. दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टचा नियम होता की दम्याचा पंप साठ दिवसांनी एकच मिळणार. आभाळ कोसळलं तरी बाळाप्पा एकोणसाठाव्या दिवशी पंप देणारा नव्हता.

"मावशी, परत आलीस?"

"पंप संपलाय. नवा दे."

"छत्तीसच दिवस झालेत की. आण बघू हिकडं."

त्यानं पंप घेतला आणि कानाशी धरून हलवला. आत खुळखुळ वाजलं. वरून दाबला, तर फुस्स करून फवारा उडाला. मग त्यानं आतली धातूची बाटली काढून पाण्याच्या ग्लासात सोडली. ती बुडाली नाही, आडवीही झाली नाही. तिरकी होऊन अर्धी पाण्यात उभी राहिली. मागच्या रांगेतल्या चार बायांनी माना लांब करून बघितलं. बुडाली तर भरलेली, आडवी तरंगली तर रिकामी; त्या ग्लासावर साऱ्यांचा विश्वास होता.

"बघ, निम्मा हाय अजून. जा आता."

"त्यात निस्ता वारा हाय," तानाबाई म्हणाली. "औषध संपून सा दिस झाले. मी मोजलंय."

आणि तिनं खरोखरच मोजलं होतं. पंपात एकशे वीस फवारे असतात हे डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर तिनं घरी जाऊन एकशे वीस चिंचोके एका डब्यात भरले. एक फवारा ओढला की एक चिंचोका दुसऱ्या डब्यात. गुऱ्हाळावर चाळीस वर्षं चुलवाणाच्या भट्टीत उसाची चिपाडं घालताना ती असंच करायची. गूळ शिजून काहिल, ती मोठी कढई, उतरली की एक खडा बाजूला ठेवायचा, म्हणजे दिवसाकाठी किती काहिली झाल्या यात मालकाला बोट दाखवायला जागा राहायची नाही. त्याच चुलवाणाच्या धुरानं तिची छाती खाल्ली होती, पण मोजायची खोड काही गेली नव्हती. पहिला डबा तिसाव्या दिवशी संध्याकाळी रिकामा झाला. बाजारात आकडा दाखवणारे पंपही मिळतात म्हणे; ट्रस्टकडं यायचे ते बिनआकड्याचे.

"चिंचोक्यांनी?" बाळाप्पा हसला. रांगही हसली. "अय्यो, मावशी, चिंचोक्यांनी औषध मोजतेस व्हय?"

तानाबाईच्या कानशिलांपर्यंत राग चढला. हसण्याचा तिला राग नव्हता. गुऱ्हाळावर याहून वाईट ऐकलं होतं. राग होता तो रांगेचा. यांच्या छातीतही तिच्यासारखीच शिट्टी वाजत होती आणि तरी या बाया ग्लासाच्या बाजूनं हसत होत्या.

"आदी सकाळी एक, सांजच्याला एक घेत होते," ती दम घेत घेत म्हणाली. "तवा साठ दिस पुरायचा. दिवाळीच्या आत डॉक्टरीणबाईनं दोन दोन केले. चार झाले दिसाचे. चारांनी एकशे वीस किती दिस जातील, तूच सांग."

बाळाप्पाला गणित येत होतं. त्याच्या चेहऱ्यावरून ते झर्रकन सरकलंही. पण तीस म्हणायला त्याची जीभ रेटेना. चिठ्ठीवरचा डोस बदलला होता, खिडकीवरचा नियम बदलला नव्हता, आणि तो बसला होता खिडकीत.

"मग हे काय उडतंय?" त्यानं बाटली पाण्यातून काढून पुन्हा दाबली. "वीस वर्षं असंच बघून देतोय मी. आजपातूर कोण मेलं काय?"

"झुंबरबाई मेली."

झुंबरबाई तानाबाईच्या भिंतीला भिंत लागून राहायची. गेल्या माघात पहाटे तिला दम लागला, आणि सुनेनं पंपाचे धा-बारा फवारे तोंडात मारले तरी उतरला नाही. गाडी येईपर्यंत संपलं होतं. पंप हातात होता आणि तो वाजत होता. सगळं गाव म्हणालं, पंपानंसुद्धा काही झालं नाही, तिची वेळच आली होती. तानाबाईनंही तेव्हा मान हलवली होती. त्या मान हलवण्याची तिला आता इतकी लाज वाटत होती की बोलताना आवाज फाटला.

"तिला पण तू पाण्यात दावलं हुतंस. निम्मा हाय म्हणलास. मी तिच्या शेजारी हुबी हुते."

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई, डॉ. निशिगंधा, आतल्या खोलीतून बाहेर आल्या. तिशीच्या आतल्या, येऊन जेमतेम पाच महिने झालेल्या. ट्रस्टी आले की अजून उभ्या राहायच्या. त्यांनी काय झालं विचारलं. बाळाप्पानं नियम सांगितला, तानाबाईनं चिंचोके सांगितले.

"मावशी, तुमचं बरोबर असेल," त्या हळू म्हणाल्या, "पण स्टॉकचं ट्रस्टला विचारावं लागेल. गुरुवारी मीटिंग आहे."

"गुरवारपातूर मी दम कुठनं आणू?" तानाबाई म्हणाली. "मीटिंग ऱ्हाऊ दे. मला ते नळीत फुंकायचं लावा. दिवाळीला लावलं हुतं तसं. आदी फुंकायचं, मग पंप, मग परत फुंकायचं. माझं खोटं निघालं तर परत ह्या पायऱ्या चढणार न्हाय."

डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडं बघितलं. मग आत जाऊन फुंकायची नळी आणली. छातीत किती जोर आहे ते काट्यावर दाखवणारी. रांगेसमोरच तानाबाईनं तीनदा फुंकलं. काटा एकशे तीसच्या पुढं गेला नाही. मग तिचाच जुना पंप, तो वाजणारा, स्पेसरच्या प्लास्टिकच्या नळकांड्याला लावला आणि डॉक्टरांनी दोन फवारे तिला सावकाश ओढायला लावले.

"या औषधाचा गुण पाव तासात दिसतो," त्या म्हणाल्या. "थांबूया."

पाव तास कुणी जागचं हललं नाही. तानाबाई बाकाच्या कडेला दोन्ही हात टेकून, खांदे वर काढून बसली. दर श्वासाला गळ्याखाली खळगा पडत होता. आपण इथंच खलास झालो तर बाळाप्पा रजिस्टरात काय लिहील, असंही तिच्या मनात येऊन गेलं. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती; पण घरी जाऊन एकटीनं घाबरण्यापेक्षा इथं सगळ्यांसमोर घाबरलेलं बरं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

पुन्हा फुंकलं. एकशे तीस.

"आता नवा काढा," डॉक्टर म्हणाल्या.

बाळाप्पानं नवा पंप आणला, पण मुठीत धरून ठेवला. "मॅडम, सील फोडलं की तो हिच्या नावावर पडतोय. चोवीस दिवस आधी. वर कोण जाब देणार?"

डॉक्टरांचा पुढं आलेला हात मागं गेला. ट्रस्टींचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढं आला असावा. त्यांचं होय येईपर्यंत तानाबाईला दम नव्हता. तिनं खिडकीतून हात घालून बाळाप्पाच्या मुठीतून पंप ओढून घेतला आणि वरचं वेष्टन दातांनी टराटरा फाडलं.

"मी देते जाब. लिव्ह, तानाबाईनं दातानं फोडला."

डॉक्टरांच्या तोंडावर हसू आलं, ते त्यांनी आवरलं नाही. पंप हलवून त्यांनी पहिले फवारे हवेत सोडले, मग दोन तानाबाईला दिले. पाच मिनिटांतच तिचे खांदे खाली आले. पाव तासानं तिनं फुंकलं तेव्हा काटा थेट एकशे नव्वदवर गेला.

"जुन्यात औषध संपलं होतं," डॉक्टर बाळाप्पाला म्हणाल्या. "उरतो तो गॅस. तोच वाजतो, तोच फवारतो, बाटली पाण्यात तरंगते तीही त्याच्यामुळंच. मीही कधी मोजून बघितलं नव्हतं. चिठ्ठीवर डोस वाढवला आणि मोकळी झाले."

बाळाप्पानं ग्लासाकडं बघितलं. वीस वर्षांत किती बाटल्या त्यात तिरक्या उभ्या राहिल्या असतील ते त्याला मोजता आलं नसतं. वाईट माणूस नव्हता तो. ज्याच्यावर विश्वास टाकला तेच खोटं निघालं होतं. तानाबाईला त्याची कीव आली, पण झुंबरबाईची जास्त आली.

त्यानं रजिस्टर ओढलं, तिच्या नावापुढं पुढची तारीख लिहिली. तीस दिवसांनंतरची. मग खिडकीतून वाकून अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "घे मावशी. चुकलं माझं. पण कुणाला बोलू नको हं. सगळी रांग मागायला लागली तर आठवड्यात कपाट मोकळं हुईल, मग गुरवारी माझी धडगत न्हाय."

तानाबाईनं पंप पिशवीत टाकला. मान डोलावली नाही. रांगेकडं वळली, पदर खोचला आणि छाती भरून श्वास घेतला. कितीतरी दिवसांनी तो तळापर्यंत उतरला. तो सगळाच्या सगळा तिनं एका हाकेत घातला.

"आगं बायांनो! दिसाला चार फवारे कोण कोण घेतंय? हात वर करा की! तीस दिस झाले आसतील तर पंप रिकामा हाय. वाजू दे, उडू दे, पाण्यात पवू दे, रिकामा हाय! कुणीबी नवा घेतल्याबिगर पायरी उतरायची न्हाय!"

आधी एक हात वर आला. मग तीन. मग बाया पिशव्या उपसायला लागल्या, पंप बाहेर निघाले, कुणी बोटांवर दिवस मोजू लागलं, कुणी शेजारणीला विचारू लागलं. नाकापर्यंत पदर ओढलेली एक म्हातारी एकदम रडायला लागली. तिच्या पंपाला एक्कावन्नावा दिवस होता. तानाबाईनं तिच्या दंडाला धरलं आणि तिला रांगेतून काढून सगळ्यांच्या पुढं खिडकीशी नेऊन उभी केली.

"हिला आदी दे," ती म्हणाली. "आन त्यो ग्लास हिकडं आण. तहान लागलीया तिला."