गोदाताईचं वजन

गोदाताई गेली, पण तिचं वजन तेवढं मागं राहिलं आणि धाकट्या बहिणीच्या, शालनच्या, अंगावर आलं. दिसायला शालन होती तशीच काडी. पण ती बसली की बाज करकरायची, आणि रिक्षावाला आरशात बघून विचारायचा, "दुसऱ्या बाई कुठं उतरणार?"

म्हणून दरीवरच्या पुलावर, पायाला दोरी बांधून उडी घ्यायच्या आधी, काट्यानं एकशे सात किलो दाखवले, तेव्हा तिला नवल वाटलं नाही. दोरीवाल्यालाही वाटलं नाही. पांढऱ्या मिशांचा शांत माणूस. त्यानं तिच्या मनगटावर निळ्या पेनानं आकडा लिहिला आणि त्या बेताची जाड दोरी काढली.

"चौपन्न तुझे," कुंदा हळूच म्हणाली. कुंदा तिची मैत्रीण, अंगणवाडीची सेविका. पोरांची वजनं करण्यात हयात गेलेली. "उरलेले कुणाचे ते सांगू नकोस. कळतं मला."

सहलीला कुंदानंच ओढून आणलं होतं. "वर्ष झालं, जमिनीला चिकटून आहेस. एकदा उडी घे, भीती मोडेल. नाहीच मोडली तर भजी खाऊन घरी जाऊ."

भीती जुनी होती. नागपंचमीला चिंचेला झोका बांधायचे. झोका उंच गेला की शालन दोर आवळून डोळे मिटायची. खाली गोदाताई पदर पसरून उभी असायची आणि म्हणायची,

सोड सोड बाई दोर, खाली ताईचा पदर
पडशील तर फूल, उडशील तर पाखर

शालननं दोर कधीच सोडला नाही.

ताईच्या दहाव्यालाही नाही. गेलेल्याचा जीव दहा दिवस खड्यात वस्तीला असतो, आणि दहाव्याला तो खडा नदीत सोडतात. शालननं भाऊजींच्या नकळत ताटातला खडा उचलला आणि काठावरचा दुसराच तिथं ठेवला. कुणी पाहिलं नाही. फक्त कावळा पिंडाला शिवेना. उन्हं कलली, तेव्हा दर्भाचा कावळा करून शिववला. भाऊजींनी परका खडा रडत रडत पाण्यात सोडला. ताईचा खडा आजही शालनच्या मुठीत होता.

"पडेल असं काही जवळ नाही ना?" दोरीवाल्यानं पाय बांधता बांधता विचारलं.

"नाही."

त्यानं मिटलेल्या मुठीकडं पाहिलं. "दोरी आकड्याला इमानी असते, मॅडम. एकशे सात गेले तर एकशे सात परत आणते. मधेच कमी झालात, तर कुठवर नेईल ते मला विचारू नका."

"दे इकडं तो खडा," कुंदा म्हणाली. "मी धरते."

"तुला तुझं ओझं थोडं आहे?"

शालननं खाली पाहिलं आणि एक पाऊल मागं सरली. मागचा पूल तेवढाच कमी झाला. ती आणखी सरली. आणखी कमी झाला. गाड्या, भज्यांची टपरी, वजनाचा काटा एकेक करून गेले. शेवटी तिघांपुरती फळी उरली.

"बाई गं," कुंदा म्हणाली, "आता माझ्याही पायाखालचं संपायला आलंय."

"येते," शालन म्हणाली.

"ये."

पडायला फार वेळ लागला. मधे चिंचेचा वास येऊन गेला. दोरी पुरती ताणली गेली, तेव्हा शालन नदीपासून हातभर वर उलटी लोंबत होती. खाली गुडघाभर पाण्यात गोदाताई पदर पसरून उभी होती.

"किती वेळ लावलास गं," ती म्हणाली. "पाय गारठले माझे."

"मला वाटलं, जवळ ठेवलं तर राहशील."

"राहिलेच की. इथं. ना अल्याड, ना पल्याड."

"सोडलं तर जाशील."

"शाले, माझं मला दे."

शालननं करंगळी उघडली. मग तिच्या शेजारचं बोट. मग बाकीची आपोआप उघडली. खडा पडला. सबंध बाई येऊन बसावी तसा पदर मधोमध वाकला. गोदाताईनं तो सावरून पोटाशी धरला. वर पाहिलं नाही.

दोरीनं ओढ घेतली. एकशे सातांची ओढ, चौपन्नांना. पाणी गेलं, कडे गेले. फळीपाशी शालननं हात पुढं केला. कुंदाची बोटं तिच्या बोटांना लागली आणि सुटली.

"अगं, कुठं?" कुंदा ओरडली. मग तिनं खांद्यावरची ओढणी काढली, एक टोक दोरीवाल्याच्या हाती दिलं आणि ओढणी ताणून वर पाहत उभी राहिली.

शालन आणखी वर गेली. दोरी अजून थांबली नव्हती. तिथून तिला दोन्ही दिसत होती. खोल खाली पाण्यातून चालत निघालेला भरला पदर. आणि फळीवर वाऱ्यानं फडफडणारी, रिकामी, हातरुमालाएवढी ओढणी.